मोबाईल हातात घ्यायच्या आधी जरा थांबा

आमच्या वडोदऱ्यात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा "या ताईंसाठी तातडीने प्रार्थना करा" असा मेसेज आला, आम्ही सगळ्यांनी पुढे ढकलला, आणि नंतर कळलं की ताई कधीच बऱ्या होऊन फतेगंजला भाजी घ्यायला जातायत. तेव्हापासून मी आधी फोन लावते, मग फॉरवर्ड करते. दोन बाणांची खूण दिसली म्हणजे तो मेसेज खूप हातांतून फिरून आलाय, तिथे तर थांबाच.

कोणी ग्रुपवर टोचून बोललं तर तिथेच उत्तर देऊ नका. बायबलच्या मत्तय 18:15 मध्ये येशूने सांगितलंय की भावाचा अपराध एकांतात जाऊन त्याला दाखव, म्हणून मी चिडून टाईप केलेलं पाठवत नाही, पुसते, याकोब 1:19 आठवते, बोलायला धीमा, रागाला धीमा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी चहाला जाते, खरंच निम्मं भांडण तिथेच मिटतं.

कुणाची साक्ष, म्हणजे देवाचा आलेला अनुभव, किंवा आजारपण विचारल्याशिवाय टाकू नका, मुलांचे फोटो तर नाहीच.

रात्री जेवण झालं की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि कौटुंबिक प्रार्थनेला शास्त्र, म्हणजे बायबल, कागदाचंच घ्या, स्क्रीनवर वाचताना नोटिफिकेशन येतंच.