लग्नाच्या फोटोग्राफरने वर्षाचा आढावा कसा घ्यावा

हंगाम संपून शेवटचा अल्बम पोहोचता झाला की वर्ष कसे गेले याचा विचार मनात येऊ लागतो आणि बहुतेक वेळा तो दहा-बारा गाजलेल्या फोटोंभोवतीच घुटमळतो. हेच फोटो आपण वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या ग्राहकांना दाखवलेले असतात, त्यामुळे सगळे वर्षच तसे गेले असा समज होतो. मीही अनेक वर्षे असाच आढावा घेतला आणि समाधानापलीकडे त्यातून काही हाती लागले नाही. आता मी दिलेले फोटो बाजूला ठेवून नाकारलेल्या फोटोंपासून सुरुवात करतो, कारण हाताला आणि डोळ्याला लागलेल्या सवयी तिथेच उघड्या पडतात.

शेवटच्या लग्नानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. थकलेल्या डोळ्यांना सगळेच काम फसलेले दिसते. त्यानंतर वर्षातली तीन लग्ने निवडावीत: एक मनासारखे जमलेले, एक ज्यावरून तक्रार आली किंवा आपणच खट्टू झालो ते, आणि एक ज्याचे आता काहीच आठवत नाही. सर्वांत जास्त शिकवते ते हे तिसरे, कारण त्या दिवशी आपण निव्वळ सवयीवर काम केलेले असते.

या तिन्ही लग्नांच्या सगळ्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने नोंदवलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स) वेळेच्या क्रमाने लावाव्यात. आपल्या आणि सहायकाच्या कॅमेऱ्यांची घड्याळे जुळलेली नसतील तर दोघांनीही टिपलेली एखादी कृती शोधावी, तिच्या वेळांतला फरक काढावा आणि लाइटरूम या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याच्या फाइल्सची वेळ तेवढी पुढे-मागे करून घ्यावी. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. एकदा असेच सहायकाचे आणि माझे फोटो एकत्र लावून पाहत असताना माझ्या मालिकेत मुख्य विधी संपल्याबरोबर अकरा सेकंदांची पोकळी दिसली. त्याच अकरा सेकंदांतला सहायकाचा एक फोटो होता. त्यात नवरीची आई चष्मा काढून पदराने डोळे पुसत होती आणि तिच्यापासून दोन हातांवर मी, तिच्याकडे पाठ करून, मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधीचा फोटो नीट आला का ते पाहत होतो. त्या अल्बममध्ये आईचा फोटो गेला, पण तो सहायकाचा. नंतर मी बाकीची दोन लग्ने तपासली, तेव्हा प्रत्येक मोठ्या क्षणानंतर तशीच पोकळी सापडली. क्षण संपला असे मला वाटत होते, माणसे मात्र तेव्हाच मोकळी होत होती. म्हणून दहा सेकंदांहून मोठ्या पोकळ्या कुठे पडल्या आणि त्या वेळी आपण काय करत होतो, याची नोंद प्रत्येकाने करावी. सहायक नसेल तर व्हिडिओवाल्यांचे चित्रण मागून घ्यावे, त्यातही आपण दिसतोच.

पुढचा टप्पा नाकारलेल्या फोटोंच्या वर्गवारीचा. फोकस चुकला, हालचालीने फोटो पुसट झाला, डोळे मिटले गेले किंवा चौकटच जमली नाही, अशा चार कारणांसाठी चार रंगांची लेबले पुरतात. मग मेटाडेटाच्या, म्हणजे फाइलमध्ये नोंदलेल्या माहितीच्या, फिल्टरमध्ये शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे होते), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता किती ठेवली होती) आणि फोकल लेंग्थ (लेन्सने किती जवळचे दाखवले) यांप्रमाणे ते फोटो पाहावेत. पुसट फोटो बहुतांशी 1/60 किंवा 1/80 सेकंदाच्या शटर स्पीडवर काढलेले असतील तर दोष अंधाराला देऊ नये. फोटोत दाणे येतील म्हणून आयएसओ वाढवायला आपण कचरत होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. ही भीती आता पुष्कळशी अनाठायी आहे. लाइटरूममध्ये 2023 साली आलेल्या, दाणे पुसणाऱ्या डीनॉइज या सोयीमुळे 6400 आयएसओच्या रॉ फाइल्सही वापरण्याजोग्या होतात, मात्र त्याचे प्रमाण वाढवले की चेहरे मेणाचे वाटू लागतात, तेव्हा शंभर टक्के मोठे करून पाहिल्याशिवाय फोटो देऊ नये. फोटोंवर आडवे पट्टे आले असतील तर एलईडी दिव्यांचा संशय घ्यावा. 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि तिथे 1/50 किंवा 1/100 हा वेग सहसा निभावून नेतो. मंचावरचे काही दिवे याहून वेगाने लुकलुकतात, त्यांच्यापुढे हा उपाय चालत नाही.

नवा कॅमेरा घ्यावा की नाही, हा प्रश्नही याच नोंदींना विचारावा. निकॉनने 2021 मध्ये झेड 9 मधून यांत्रिक शटरच काढून टाकले, सोनीने 2023 मध्ये ए 9 थ्री मध्ये सगळी चौकट एकाच क्षणी टिपणारे ग्लोबल शटर आणले, आणि दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण आपले निम्मे नाकारलेले फोटो चौकट चुकल्यामुळे गेले असतील, तर त्यांवर यांपैकी कशाचाही उपाय नाही.

यानंतर माणसे मोजावीत. कुटुंबाने दिलेली जवळच्या नातेवाइकांची यादी समोर ठेवून दिलेल्या फोटोंत कोण किती वेळा आले यावर खुणा कराव्यात. माझ्या एका लग्नात नवऱ्याचा सख्खा भाऊ समूहफोटो सोडता कुठेच नव्हता, कारण तो दिवसभर दारात पाहुण्यांची व्यवस्था पाहत होता आणि माझी नजर मंचावर खिळली होती. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारतो, ‘त्या दिवशी घरातले कोण कामात अडकलेले असेल?’ उत्तरात आलेल्या प्रत्येकाचा फोटो तो काम करत असतानाच घ्यायचा, त्याला मंचावर ओढून आणायचे नाही.

तासांचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो करायला सोपा आणि पचवायला अवघड असतो. भेटी, प्रवास, प्रत्यक्ष काम, निवड, एडिटिंग, अल्बमच्या दुरुस्त्या आणि फोन यांचे तास वेगवेगळे लिहावेत आणि मिळालेल्या मानधनाला एकूण तासांनी भागावे. माझे सर्वांत जास्त तास अल्बमच्या दुरुस्त्यांत जात होते, म्हणून आता करारात दोनच फेऱ्या लिहिलेल्या असतात.

बॅकअपसाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पुरेसा आहे. फक्त फोल्डर दिसतो यावर समाधान न मानता प्रत्येक डिस्कवरच्या काही फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

या सगळ्यातून बदल फार तर तीन निवडावेत आणि जे कॅमेऱ्यात किंवा करारात बसवता येतात तेच घ्यावेत. ‘अधिक सावध राहीन’ असला संकल्प पहिल्याच गर्दीत विरून जातो. मी फोटो काढल्यावर तो आपोआप पडद्यावर दिसण्याची सोय बंद केली आणि विधी चालू असताना पडदाच उलटा वळवून ठेवू लागलो. पुढच्या हंगामातले पहिले लग्न झाले की दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइल्स पुन्हा एकत्र लावाव्यात आणि आधी त्या पोकळ्या मोजाव्यात. माझ्या बाबतीत अकराचे चार सेकंद झाले होते, आणि त्या चारांतही मी लेन्स बदलत होतो.