बाबांचा पीएम किसानचा अडकलेला हप्ता असा सुटला

मी कळव्याला राहतो, शेती मुरबाडला बाबांच्या नावावर. पीएम किसानचे वर्षाला 6000, म्हणजे चार महिन्यांनी 2000, आणि नमो शेतकरीचे पण, दोन्ही एकदम बंद झाले. सगळे म्हणाले ई-केवायसी कर, ती तर कधीच झालेली, अंगठ्याच्या रेषा कामाने झिजल्यात म्हणून अ‍ॅपवर चेहरा दाखवून केलेली. शेवटी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, बघितलं तर बाबांनी बंद केलेल्या खात्याची बँक दिसत होती, मग पैसे येणार कुठून! नव्या बँकेत त्यांना घेऊन गेलो, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरला, पुढचा हप्ता आला. पण शेजारच्या काकी दुसऱ्याची जमीन कसतात, सातबारा नाही, त्यांना काहीच मिळत नाही, ते फार लागतं मनाला.