कोलोनोस्कोपीआधी पोट नीट साफ कसं करायचं

कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून तपासताना, डॉक्टरांना किती दिसणार, हे आधीच्या तीन दिवसांच्या ताटावर ठरतं. चोथा आणि बिया तेव्हापासूनच बंद. नागपुरात म्हणजे तर्रीतला चणा, ज्वारीची भाकर, सांबारवडी, जवसाची चटणी, टमाटर, पेरू आणि संत्रं. संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा पचत नाही, तो दुर्बिणीच्या नळीत अडकतो. पांढरा भात, मुगाचं घोटलेलं वरण, सोललेला उकडलेला बटाटा, अंडं चालतं.

लोहाच्या गोळ्या 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आदल्या दिवशी आरपार दिसेल तेच प्यायचं: बिनदुधाचा चहा, वरणाचं गाळलेलं पाणी, मीठ-साखरेचं गाळलेलं लिंबूपाणी, शहाळं (किडनीचा त्रास असेल तर विचारूनच). कोकम आणि बीट नको, तो लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. मे महिन्यात पारा 45 कडे जातो, तेव्हा नुसत्या साध्या पाण्यावर राहू नका.

पोट साफ करणारी जुलाबाची पावडर (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) बहुधा 2 लिटर पाण्यात करतात. पाकिटावरचं प्रमाण पाळा. अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या 5 तास आधी. दहाची वेळ असेल तर पहाटे पाचला सुरू करून साडेसहापर्यंत संपवा. झोपेसाठी हा दुसरा डोस टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रात्रीतून लहान आतड्यातलं पित्त आणि चिकट स्राव खाली उतरतात, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला थर बसतो आणि चपटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी) त्याखाली लपतात.

दर 15 मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे 250 मिली. फ्रीजमध्ये गार करून स्ट्रॉने प्या, मधेमधे लिंबाची फोड चाटा. मळमळलं तर अर्धा तास थांबा, घरातच फेऱ्या मारा, मग सावकाश पुढे प्या. उलट्या थांबत नसतील, पोट फुगून जोरात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर पिणं बंद करून लगेच हॉस्पिटलला फोन करा.

पहिल्या जुलाबाआधीच गुदद्वाराभोवती व्हॅसलीन लावा. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. दहाव्या खेपेला याचं मोल कळतं.

शेवटी पडणारं पाणी फिकट पिवळं हवं, कमोडचा तळ स्वच्छ दिसेल असं. अजून तपकिरी, गढूळ असेल तर घरून निघण्याआधीच फोन करून सांगा.