पुढची चाकं उचलतील का? आधी गाडी मोजा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या शेडवर कॉलेजच्या फॉर्म्युला स्पर्धांची गाडी बांधणारी पोरं वेल्डिंगला येतात. पाइपची चासी उभी राहिली, इंजिन बसलं की एक प्रश्न हमखास येतो: "काका, गाडी इतकी हलकी आहे, जोरात सोडली तर पुढनं उचलेल काय?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. गाडी जागेवरून न हलवता, वजनकाटा, जॅक आणि टेप एवढ्यावर त्याचं उत्तर निघतं.

आधी हलकेपणाचा मुद्दा निकालात काढू. गाडीचं वजन निम्मं केलं तर पुढच्या चाकांवरचा भार निम्मा होतो हे खरं. पण मागच्या टायरला रस्त्यावर मिळणारी पकडही साधारण निम्मी होते. गणितात वजन दोन्हीकडून कटतं. उरतात तीन गोष्टी: गुरुत्वमध्य (गाडीचं सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो बिंदू) जमिनीपासून किती उंच, मागच्या ॲक्सलपासून किती पुढे आणि टायरची पकड किती.

गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या जेवढा पुढे आहे, त्या अंतराला त्याच्या उंचीनं भागा. येणारा आकडा म्हणजे पुढची चाकं उचलायला गाडीनं किती 'जी'नं वेग वाढवायला हवा तो (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग). रस्त्याचे चांगले टायर कोरड्या डांबरावर एक जीच्या आसपास देतात, रेसिंगचे स्लिक, म्हणजे खाचा नसलेले गुळगुळीत टायर, दीडच्या आसपास. तुमचा आकडा त्याच्या वर असला, तर पुढचं उचलण्याआधी मागची चाकं जागेवर फिरतील आणि विषय तिथंच संपेल.

आता मोजणी. चारही चाकांखाली चार काटे ठेवा. दोनच असतील तर उरलेल्या दोन चाकांखाली काट्याच्याच उंचीचे ठोकळे द्या. उसाच्या ट्रॉल्या मोजणाऱ्या काट्यावर गाडी नेऊ नका, तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं दाखवतो, आपल्याला अर्ध्या किलोचा फरक दिसायला हवा. चालक सीटवर, बेल्ट आवळलेला. हे विसरू नका, कारण अडीचशे किलोंच्या गाडीत चालक हाच सगळ्यात जड सुटा भाग असतो. समजा एकूण 300 किलो भरले, त्यातले पुढे 140. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 1550 मिमी. 140 भागिले 300 गुणिले 1550, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या 723 मिमी पुढे. हे सोपं काम झालं.

उंची काढणं हे खरं किचकट. मागची चाकं 400 मिमी उचलून भक्कम स्टँडवर ठेवायची आणि पुढच्या काट्यांवर किती वजन वाढलं ते बघायचं. तो वाढावा गुणिले व्हीलबेस, भागिले एकूण वजन, भागिले उताराचं प्रमाण. इथं ते प्रमाण 0.267 येतं: 400 मिमी उंची भागिले दोन ॲक्सलमधलं आडवं अंतर, जे उचलल्यावर 1497 मिमी उरतं. आलेल्या उत्तरात चाकाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मिळवली की गुरुत्वमध्याची उंची मिळते.

वाढावा केवढा असतो ते बघा. चाकाचा मध्य 230 मिमीवर आणि गुरुत्वमध्य 300 मिमीवर असेल तर पुढे फक्त साडेतीन किलोंच्या वर थोडं वाढतं. काटा एक किलो चुकला की उंची 19 मिमीनं चुकते. म्हणून शॉक ॲब्सॉर्बर काढून त्या जागी त्याच लांबीच्या लोखंडी पट्ट्या बोल्टनं बसवा, नाहीतर पुढचं सस्पेन्शन दबून सगळा हिशेब बिघडेल. टायरमध्ये हवा जास्त भरा. टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धवट टाकीतलं पेट्रोल तिरक्या गाडीत पुढे धावतं. ब्रेक सुटा, गिअर न्यूट्रल, आणि काट्यावरच्या चाकांना कुणी हात लावायचा नाही. गाडी घसरू नये म्हणून मागची चाकं स्टँडवर नीट अडवा. चालक आत बसलेला असताना गाडी तिरकी उभी आहे, एवढं भान सगळ्यांनी ठेवायचं.

723 भागिले 300, म्हणजे 2.4. स्लिक टायरवरही ही गाडी पुढनं उचलणार नाही. पोरांनी निर्धास्त व्हावं आणि जास्तीचं वजन पुढे टाकू नये. उलट मागं सरकवता आलं तर सरकवा, लॉन्चला, म्हणजे जागेवरून जोरात सुटताना, पकड वाढेल.

हेच गणित कॅटरहॅम सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला लावू. लोटसनं 1957 मध्ये काढलेली ही गाडी, 1973 पासून कॅटरहॅम बनवते. व्हीलबेस 2225 मिमी. चालकासकट वजन पुढे-मागे सारखं आणि गुरुत्वमध्य 450 मिमीवर धरला तर आकडा अडीचच्या जवळ येतो. रस्त्याच्या टायरवर ती उचलायची तर गुरुत्वमध्य साधारण 1.1 मीटरवर, म्हणजे चालकाच्या खांद्याच्याही वर हवा. मोटरसायकलवर मात्र स्वार धरून हा आकडा एकच्या आसपास असतो. म्हणून बाइक उचलते आणि तेवढ्याच ताकदीची हलकी गाडी उचलत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅकचा, प्रश्नच नाही. पुढचा भार गेला की ओढही गेली.

मग उचलतं कोण? 2018 सालची डॉज चॅलेंजर डीमन. जवळपास दोन टनांची, इंजिन पुढे, आणि तरी कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत पुढची चाकं उचलून 2.92 फूट गेल्याची गिनेस नोंद तिच्या नावावर आहे. रेसच्या इंधनावर 840 अश्वशक्ती, मागे ड्रॅगचे (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीचे) चिकट टायर, आणि ड्रॅग मोडमध्ये पुढचे शॉक असे सैल होतात की नाक झटक्यात वर येतं. वर निघालेलं बॉडीचं वजन सस्पेन्शनच्या टोकाला पोचलं की चाकांनाही ओढून नेतं. तो झटका आपल्या साध्या भागाकारात येत नाही, म्हणून ड्रॅगची गाडी बांधणार असाल तर आकड्यावर थोडी सूट ठेवा. सगळ्यात वेगवान ड्रॅगस्टर 300 इंच व्हीलबेसचे असतात आणि मागे व्हीली बार (नाक जास्त वर जाऊ न देणारे दांडे) लावतात, ते यासाठीच.

आमच्या भागात पुढनं उचलणारं वाहन म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. तिथं कारण वेगळं: मागची ट्रॉली ओढते आणि ती ओढ हुकच्या उंचीवर लागते. हुक जेवढा वर, तेवढा ट्रॅक्टर मागं उलटायला सोपा, चढावर तर जास्तच. नाकावर लोखंडी वजनं लावणं चांगलंच, पण हुक वर घेऊन कधीही ओढू नका. यात माणसं जातात.

रेसच्या फोटोत एक पुढचं चाक हवेत दिसतं, त्यानं फसू नका. 1964 मध्ये रेसर जिम क्लार्कनं लोटस कॉर्टिना चालवून ब्रिटनची सलून गाड्यांची (साध्या बंद मोटारींची) स्पर्धा जिंकली, त्या गाडीचे वळणातले असे फोटो प्रसिद्ध आहेत. ते आतल्या बाजूचं एकच चाक असतं. पुढचा भाग कलायला कडक आणि मागचा मऊ असला की वळणात असं होतं, त्याचा सरळ रेषेतल्या लॉन्चशी संबंध नाही. नाक वर दिसणं म्हणजेही चाक सुटणं नव्हे. सस्पेन्शनची भूमिती बदलून नाक खाली ठेवता येतं, मागे जाणारा भार तेवढाच राहतो.

खात्री करायचीच असेल तर बंद ट्रॅकवर करा, सार्वजनिक रस्त्यावर मुळीच नाही. चाकं सुटली की स्टिअरिंग जातं. पुढचे टायर ओले करा आणि कोरड्या काँक्रीटवर गाडी सरळ सोडा. भार कमी होतो तसा ओला पट्टा अरुंद होत जातो, चाक सुटलं तर तुटतो. सोबत फोन जमिनीलगत, बाजूच्या भिंतीजवळ ठेवून स्लो मोशनमध्ये टायरचा तळ टिपा. भार असेपर्यंत टायरचं पोट फुगलेलं दिसतं. ते गोल झालं आणि खाली उजेड दिसला, तरच चाक उचललं म्हणायचं.