झांस्करला राफ्टिंग करताय? या चुका टाळा

"कोलाडला तीनदा केलंय, आता झांस्कर करू," असा फोन दर जूनमध्ये एखादा तरी येतो. कोलाडच्या कुंडलिकेचं पाणी सकाळी वीजघरातून सोडतात, त्यामुळे ते घड्याळानुसार येतं. लडाखमधल्या झांस्करचं पाणी हिमनद्यांचं. दुपारच्या उन्हात वितळलेला बर्फ खाली दरीत पोचायला कित्येक तास लागतात, म्हणजे नदी फुगते ती तुम्ही जेवून आडवे झाल्यावर.

हे ठाऊक असूनही लोक तंबू पाण्याकाठीच ठोकतात. आम्हीही ठोकले होते. दुपारी चारला वाळूचा सुरेख पट्टा दिसला. मी म्हटलं, वर चढू. मंडळी दमलेली होती आणि मीही फार ताणून धरलं नाही. रात्री दीडला एकाच्या मॅटखाली गार पाणी शिरलं. मग चौघं अर्ध्या कपड्यांत, हेडलँप लावून राफ्ट वर ओढत होतो. राफ्ट वाचली, पण दोन जोड बूट आणि कांदेबटाट्यांचं पोतं सिंधूच्या दिशेने गेलं. पुढचे दोन दिवस नुसता वरणभात. राफ्ट गेली असती तर दोन्हीकडे कडेच होते.

तेव्हापासून मी काठावर उतरलो की पाण्याच्या रेषेवर दगड मांडतो, चहानंतर बघतो, जेवणानंतर पुन्हा बघतो. खडकांवर गाळाची रेघ जिथवर दिसते, तिच्याही वर पुरुषभर उंचीवर तंबू. राफ्ट दोन ठिकाणी बांधलेली.

दुसरी चूक घाईची. शनिवारी विमानाने लेह, रविवारी झांस्कर खोऱ्यातल्या पदुमकडे कूच! लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे दोन दिवस लोळून काढायचे, डोकं दुखत असेल तर तिसराही. ज्यांना एवढाही धीर नाही, त्यांनी कोलाडच पुन्हा करावं.

झांस्कर जिथे सिंधूला मिळते त्या निम्मूपासून पदुममार्गे दारचा गावाला जाणारा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेल्यापासून "काही झालं तर वर रस्ता आहेच" हे नवीन ऐकतो. तो कड्यात खोदलेला आहे आणि तुम्ही तळाशी. जखमी माणसाला तिथवर कोण चढवणार?

जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा.

लाइफ जॅकेट दुसऱ्याकडून खांद्यांना धरून वर ओढवून घ्या. हनुवटीला लागलं तर पट्टे सैल आहेत.

पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही, दगडांत पाय अडकतो. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला.

कयाकवाल्यांनो, तरणतलावात जमलेला रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं) बर्फाच्या पाण्यात येईलच असं नाही. तिथे आधी श्वासच अडकतो.

वरच्या अंगाला काय चाललंय ते पदुममध्ये विचारून घ्या. फुगताल नदीवर दरड कोसळून साचलेलं पाणी मे २०१५ मध्ये फुटलं, तेव्हा खालचे पूल वाहून गेले होते.

राफ्टिंग संपवून निम्मूला काठावर उतराल, त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं परतीचं विमान काढू नका. मी मध्ये दोन दिवस मोकळे ठेवतो. ते लागले नाहीत, तर लेहच्या बाजारात बसून जर्दाळू खातो.