सातबारा नसलेला कृषिदूत

कृषी महाविद्यालयातल्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, "घरी शेती कुणाकुणाची?" वर्गात हात खाली राहिलेले आम्ही चौघं. मी डोंबिवलीचा. आमची सगळी बागायत म्हणजे गॅलरीतली तुळस आणि कढीपत्ता.

त्याच सत्रात होस्टेलवर हिरोमु अराकावा यांची 'गिन नो साजी' (म्हणजे चांदीचा चमचा) ही मांगा (जपानी चित्रकथा) हाती लागली. २०११ ते २०१९ या काळात आलेली, १५ खंडांची. सापोरो शहरातला हुशार हाचिकेन घरापासून सुटका हवी म्हणून होक्काइदोतल्या कृषी शाळेत येतो. अंडं कोंबडीच्या नेमकं कुठून बाहेर पडतं हे बघून त्याचा घास अडतो. मला हसू आलं नाही. आदल्याच दिवशी मी ज्वारीचं रोप मका म्हणून दाखवलं होतं. लेखिका स्वतः दुधाच्या धंद्यातल्या घरची, कृषी शाळेत शिकलेली. म्हणूनच पहाटेचा गोठा तिला बरोबर जमलाय.

डुकराच्या अशक्त पिलाला हाचिकेन 'बुताडोन' म्हणतो. बुताडोन म्हणजे डुकराचं मांस घातलेला भात! पुढे त्याच डुकराचं मांस तो स्वतःच्या कमाईतून विकत घेतो. तुम्हा नव्या विद्यार्थ्यांनाही प्रक्षेत्रावरच्या (कॉलेजच्या शेतावरच्या) एखाद्या करडाला नाव ठेवावंसं वाटेल. ठेवा, पण त्याची विक्री कधी आहे ते आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे उलटी. तिथल्या पोरांनी घरचा गोठा पुढे चालवायचा, हे जवळजवळ गृहीतच असतं. माझा रूम पार्टनर जालन्याचा, घरी चार एकर मोसंबी, वडिलांचं रोजचं फोनवरचं पालुपद, "इकडं परत येऊ नको." हाचिकेनचा वर्गमित्र कोमाबा, त्याच्या घरची शेती कर्जात बुडते आणि तो शाळा सोडतो, ती पानं मी पार्टनरला दाखवली. त्यानं शेवटपर्यंत वाचली, काही न बोलता एमपीएससीचं पुस्तक उघडलं.

हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आणि कीटकसंग्रह पावसाळ्यातच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात फुलपाखरं तुमच्यासाठी थांबत नाहीत. बाकी परीक्षांचं सीनियर सांगतीलच.

खरी परीक्षा सातव्या सत्रात, कृषिदूत म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांसोबत काम करायला, गावात राहायला गेल्यावर. मी एक टक्का बोर्डो मिश्रणाचं (हे बुरशीनाशक) प्रात्यक्षिक घेतलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. रंग आकाशी, मी खूश. डाळिंबवाल्या काकांनी काही न बोलता कमरेचा विळा त्यात बुडवून धरला. बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर.

"चुना कमी पडला. असंच मारलं असतं तर पानं करपली असती."

चुन्याची निवळी घालत गेलो, विळा घासून पुन्हा बुडवला, तेव्हा कुठे पातं कोरं निघालं. मग चहा आला.

"तुझी किती एकर रे?"

"काहीच नाही, काका."

"बरंय," म्हणाले, आणि बशी पुढे सरकवली.