स्प्रिंट सुरू होण्यापूर्वी चाचणीची तयारी कशी करावी?

अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या अनेक टीममध्ये चाचणी स्प्रिंटच्या (अशा एका ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या) अखेरच्या दिवसांवर ढकलली जाते आणि सापडलेले बग पुढच्या स्प्रिंटच्या माथी मारले जातात. हे टाळायचे असेल, तर यूजर स्टोरीवर (वापरकर्त्याच्या गरजेच्या छोट्या वर्णनावर) चर्चा सुरू असतानाच टेस्टरचे काम सुरू झाले पाहिजे.

बॅकलॉग रिफाइनमेंटच्या, म्हणजे करायच्या कामांची यादी नेमकी करण्याच्या वेळी प्रॉडक्ट ओनर (उत्पादनात काय हवे ते ठरवणारी व्यक्ती), डेव्हलपर आणि टेस्टर यांनी एकत्र बसून प्रत्येक स्टोरीचे स्वीकृती निकष (ती पूर्ण झाली असे मानण्याच्या अटी) ठरवावेत. ‘पासवर्ड विसरलेल्या वापरकर्त्याला ईमेलवर लिंक मिळावी व ती ३० मिनिटे चालावी’ ही स्टोरी वरवर पाहता स्पष्ट वाटते. परंतु टेस्टरने प्रश्न विचारायला सुरुवात केली की तिच्यातील त्रुटी दिसू लागतात. बरोबर ३० मिनिटे झाली त्या क्षणी लिंक चालेल की नाही? एकदा वापरलेली लिंक पुन्हा उघडली तर? दोनदा विनंती केल्यास पहिली लिंक रद्द होईल का? नोंदणीच नसलेला ईमेल दिला तर कोणता संदेश दाखवायचा? हा शेवटचा प्रश्न मुळीच सोडू नये, कारण ‘असे खाते नाही’ असे उत्तर दिल्यास कोणाचे खाते आहे आणि कोणाचे नाही, हे कोणाही त्रयस्थाला तपासता येते. म्हणून दोन्ही वेळी एकच संदेश दाखवावा. प्रॉडक्ट ओनरची उत्तरे स्टोरीतच नोंदवावीत. चॅटमध्ये दिलेले उत्तर ऐनवेळी सापडत नाही.

निकष असे पक्के झाले की टेस्ट केस (काय तपासायचे आणि कोणता निकाल अपेक्षित आहे, याच्या नोंदी) कोडिंगच्या बरोबरीने लिहिता येतात. मुदत तपासण्यासाठी टेस्टरला दर वेळी अर्धा तास थांबावे लागू नये, म्हणून टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये ती मुदत कमी करण्याची सोय डेव्हलपरने सुरुवातीलाच करून द्यावी. मुदतीचा हिशेब युनिट टेस्टने (कोडचा एक छोटा भाग स्वतंत्रपणे तपासणाऱ्या टेस्टने) तपासावा. लिंक मागण्यापासून नव्या पासवर्डने लॉगिन होईपर्यंतच्या प्रवासासाठी मात्र एखादीच एंड-टू-एंड टेस्ट ठेवावी, कारण अशा टेस्ट संथ असतात आणि स्क्रीनवरील किरकोळ बदलानेही मोडतात.

स्क्रम या अजाइल कार्यपद्धतीच्या २०२० च्या ‘स्क्रम गाइड’नुसार ‘डेफिनिशन ऑफ डन’मध्ये (काम पूर्ण झाले असे मानण्याच्या टीमच्या निकषांत) न बसणारे काम रिलीज तर करता येत नाहीच, पण स्प्रिंट रिव्ह्यूमध्येही (स्प्रिंटच्या अखेरीस होणाऱ्या आढावा बैठकीतही) मांडता येत नाही, ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जाते. त्यामुळे कामांची स्थिती दाखवणाऱ्या बोर्डवरील ‘टेस्टिंग’च्या रकान्यात स्टोरी साचू लागल्या, तर डेव्हलपरनी नवी स्टोरी हाती न घेता आधी त्या तपासून पूर्ण करण्यास मदत करावी.